खानापूरकडचे मंडळी-पुढाऱ्यांचे निवासी शिबिर: पाळकांना पाठवा, पण एकट्याने नको

बेळगाव जिल्ह्यातील मराठी ख्रिस्ती मंडळ्या गेल्या काही काळापासून एका निवासी शिबिराची शिफारस एकमेकींकडे करत आल्या आहेत. पाळक, वडील (म्हणजे मंडळीचे ज्येष्ठ पुढारी) आणि कमिटीचे सभासद यांच्यासाठी असलेल्या या शिबिराचा विषय आहे ‘नम्रता आणि अपयशाची भीती’. आमच्या मंडळीतर्फे पाळकांसोबत मी सेक्रेटरी या नात्याने त्याला हजर राहिलो. शिबिर चालवणाऱ्या संस्थेला माझे म्हणणे लेखी कळवले आहे, त्यामुळे तिचे नाव येथे देण्याचे कारण नाही; या भागातील मंडळ्यांना ती संस्था कोणती हे सांगावेही लागणार नाही. माझे मत आधीच सांगतो. हे शिबिर चांगले आहे, आणि त्यातील काही सत्रे तर मी आजवर ऐकलेल्या कोणत्याही अधिवेशनापेक्षा सरस होती. मात्र ज्या दुखण्यावर ते नेमके बोट ठेवते, त्याचे अर्धे मूळ मंडळीच्या कारभारात आहे आणि त्या अर्ध्या भागाला शिबिर हात लावत नाही.

व्यवस्थेविषयी फार लिहिण्यासारखे नाही. शिबिर सोमवारी सुरू होऊन बुधवारी दुपारी संपते. रविवारची उपासना आटोपल्याशिवाय कोणत्याही पाळकाला गाव सोडता येत नाही, हे आखणाऱ्यांना माहीत आहे, एवढ्यावरूनच ते आपल्यातले असल्याचे कळते. जागा बेळगावहून खानापूरकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडी आत, झाडीत आहे. खानापूरपर्यंत एसटी किंवा लोंढ्याकडे जाणारी रेल्वे मिळते, तेथून पुढे रिक्षा करावी लागते. खोल्या स्वच्छ आहेत, पण गाद्या पातळ आहेत आणि पहाटे थंडी चांगलीच जाणवते. जेवण भात, आमटी, भाकरी, एका रात्री बांगड्याची आमटी असे घरगुती होते आणि शेवटच्या दिवशी बेळगावचा कुंदाही होता. ठरावीक शुल्क नाही; बंद पाकिटात ऐपतीप्रमाणे द्यावे अशी पद्धत आहे. ती मला आवडली, कारण खेड्यातील पाळकाचे मानधन किती असते आणि ते किती वेळेवर मिळते, हे खजिनदारांना चांगले ठाऊक असते.

जमलेली माणसे निरनिराळ्या मंडळ्यांतील होती. लंडन मिशनने बेळगावात 1820 साली काम सुरू केले आणि 1904 साली ते अमेरिकन मेथडिस्ट मिशनकडे सोपवले. 1981 पासून भारतातील मेथडिस्ट चर्च स्वायत्त आहे. त्यामुळे मेथडिस्ट मंडळी संख्येने अधिक असणे साहजिकच होते. त्यांच्याबरोबर कोल्हापूर-मिरजेकडचे काही पाळक, स्वतंत्र प्रार्थनागृहे चालवणारे दोघे-तिघे तरुण आणि 1953 साली स्थापन झालेल्या बेळगावच्या कॅथलिक धर्मप्रांतातील एक कोकणी बोलणारे फादरही होते. सत्रे मराठीत झाली आणि अडेल तेथे कन्नडमध्ये समजावून सांगितले गेले. या मिश्रणाचा एक फायदा असा झाला की आपल्या पंथाची लाज झाकण्याची घाई पहिल्या रात्रीनंतर फारशी कोणी केली नाही.

शिबिराचा कणा म्हणजे पहिल्या संध्याकाळचा शास्त्राभ्यास. मत्तयाच्या 25व्या अध्यायातील, परदेशी जाणारा धनी ज्यांच्याकडे आपला पैसा सोपवतो त्या तीन दासांचा दृष्टान्त सर्वांनाच पाठ असतो. त्यावर आपल्याकडे कष्टाविषयी किंवा दशांशाविषयी, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देण्याविषयी, उपदेश होतो. येथे मात्र सर्वांत कमी रक्कम मिळालेल्या तिसऱ्या दासाकडेच संपूर्ण वेळ लक्ष दिले गेले. त्याने चोरी केली नाही, उधळपट्टी केली नाही, मिळालेली रक्कम जशीच्या तशी परत आणली. आणि तरीही धन्याचा राग त्याच्यावरच झाला. आपण भ्यालो आणि पैसा जमिनीत लपवला, असे तो स्वतःच सांगतो. मार्गदर्शकांनी विचारले, की हा माणूस आपल्या मंडळीत असता तर आपण त्याला काय म्हटले असते? सभागृहातून उत्तर आले, ‘नम्र आणि विश्वासू.’ त्यावर हशा पिकला. पण तो लगेच ओसरला, कारण प्रत्येकाला आपल्या मंडळीतील न घेतलेले निर्णय आठवू लागले होते. आमच्यापुरते सांगायचे तर, इंग्रजी आणि कन्नड माध्यमात शिकणाऱ्या मुलांना देवनागरी गीते नीट वाचता येत नाहीत हे आम्हाला कधीचे माहीत आहे. त्यांच्यासाठी वेगळी संध्याकाळची उपासना सुरू करावी असा विषय कमिटीत निघतो आणि बाके रिकामी राहिली तर काय, या एका प्रश्नावर तो पुढच्या बैठकीवर ढकलला जातो.

याच अभ्यासाला जोडून लूकच्या 17व्या अध्यायातील एक वचन घेतले गेले आणि माझ्या मते संपूर्ण शिबिराचे मोल त्यात होते. ‘आम्ही निरुपयोगी दास आहोत’ हे वाक्य आपल्या मंडळ्यांत वारंवार ऐकू येते. नवीन काम सुचवले की वडील हात जोडून ते म्हणतात, संडे स्कूलला शिक्षक हवा असला की तरुणही तेच म्हणतात. प्रत्यक्षात येशूने ते वाक्य सांगितलेले सर्व काम करून झालेल्या दासांच्या तोंडी घातले आहे. आपण ते काम सुरू होण्याआधीच म्हणून मोकळे होतो. नम्रतेच्या भाषेत बोललेली भीती ओळखण्याची यापेक्षा साधी कसोटी मला ठाऊक नाही. माणूस स्वतःला लहान म्हणतो आहे हे खरे, पण ते नांगराला हात लावून झाल्यावर की लावण्याआधी, एवढेच पाहायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इस्राएल लोकांना मिसरातून बाहेर काढणाऱ्या मोशेवरचे सत्र होते. सीमाभागासाठी ते अगदी योग्य ठरले, ते का, हे बाहेरच्या वाचकाला सांगावे लागेल. मेथडिस्ट पद्धतीत पाळकाची नेमणूक बिशप वार्षिक परिषदेत करतात. त्यामुळे कन्नड मातृभाषेच्या पाळकाकडे मराठी मंडळी येते आणि मराठी पाळकाकडे कन्नड मंडळी येते, हे आपल्याकडे नवलाचे नाही. अशाच एका पाळकांनी सांगितले की ते आपला मराठी उपदेश कन्नड लिपीत लिहून काढतात आणि पुलपिटवर, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठावर, चढताना त्यांना देवाच्या न्यायापेक्षा पुढच्या बाकावरील निवृत्त शिक्षकांची भीती अधिक वाटते, कारण ‘तो प्रार्थना’ की ‘ती प्रार्थना’ यावर उपासनेनंतर चहाच्या वेळी हमखास शेरा येतो. सीमावादाने तापलेल्या या जिल्ह्यात भाषेची चूक ही नुसती चूक राहत नाही, तिच्यात आपुलकी आणि परकेपणा मोजला जातो. मोशेनेही आपण मुखाचा जड आहोत असे म्हटले होते. निर्गमच्या चौथ्या अध्यायात एक बारकावा आहे आणि तो मार्गदर्शकांनी नेमका पकडला: जिभेच्या जडपणाची अडचण सांगितली तेव्हा देव रागावला नाही, त्याने मदतीचे वचन दिले, राग आला तो मोशेने ‘दुसऱ्या कोणाला तरी पाठव’ अशी विनवणी केल्यावर, आणि त्या रागातही भाऊ अहरोनाची सोबत मिळालीच. पुढे गणना या पुस्तकात हाच मोशे पृथ्वीवरील सर्वांत नम्र मनुष्य म्हणवला जातो. म्हणजे त्याची नम्रता मिसरचा राजा फारो याच्यापुढे उभे राहण्याच्या आड आली नाही. त्या कन्नडभाषक पाळकांना ही मांडणी किती लागू पडली हे त्यांनी नंतर बोलून दाखवले नाही. मात्र बुधवारच्या सकाळची प्रार्थना त्यांनी कागद न घेता मराठीत केली आणि तिच्यात दोन-तीन ठिकाणी लिंग चुकले, ते तसेच राहू दिले.

मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली याच्यावरचे सत्र मेथडिस्टांसाठी योजलेले होते, तरी सर्वांनाच भावले. आपल्या प्रार्थनागृहांत वेस्लीची तसबीर असते आणि ती पाहून हा माणूस जन्मतःच पुढारी असावा असे वाटते. प्रत्यक्षात 1736 च्या आरंभी अमेरिकेतील जॉर्जियाकडे जाणाऱ्या जहाजावर वादळ आले, तेव्हा तो मरणाला घाबरला आणि त्याच जहाजावरील मोरेव्हियन (एका जर्मन प्रॉटेस्टंट पंथाची) कुटुंबे शांतपणे गीत गात राहिली. जॉर्जियात त्याचे काम फसले. एका तरुणीविषयीच्या गुंतागुंतीत त्याने तिला प्रभुभोजन नाकारले, प्रकरण न्यायालयात गेले आणि 1737 च्या डिसेंबरात, वयाच्या 34व्या वर्षी, त्याला तेथून काढता पाय घ्यावा लागला. पुढच्या वसंतात आपल्यात विश्वास नाही म्हणून उपदेशच बंद करावा, असे त्याच्या मनात आले. त्या वेळी पेटर ब्योलर या मोरेव्हियन मित्राने त्याला सल्ला दिला, की विश्वास मिळेपर्यंत विश्वासाचा उपदेश कर आणि मग तो मिळाल्यामुळे कर. लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरील सभेत त्याला विश्वासाची खात्री लाभली ती 24 मे 1738 ची संध्याकाळ त्यानंतरची आहे. हे सत्र घेणाऱ्या बाईंनी अपयशाला गोड रंग दिला नाही, ही त्यांची हुशारी. जॉर्जियातील दोष केवळ परिस्थितीचा नव्हता, वेस्लीचा ताठरपणाही त्याला कारण होता, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. अपयशाची भीती घालवायची म्हणजे प्रत्येक अपयशाला निर्दोष ठरवायचे नसते, हे आपल्याकडच्या साक्षींत फार क्वचित ऐकू येते.

तथापि सर्वांत उपयुक्त ठरली ती मंगळवारी दुपारची खोटी कमिटी-बैठक. प्रत्येक पाळकाला अध्यक्षाच्या खुर्चीत बसवले आणि बाकीचे खजिनदार, वडील, महिला मंडळाच्या अध्यक्षा व तरुण संघाचे प्रतिनिधी झाले. विषय होता प्रार्थनागृहाच्या छपराचा: दुरुस्तीचा पैसा खर्च झाला आणि पावसाळ्यात गळती मात्र तशीच राहिली. नियम एकच. अध्यक्षाने आपली चूक सांगायची, पण तिला लागून कोणतेही वचन, ‘प्रभूची इच्छा’ किंवा कंत्राटदाराचे नाव जोडायचे नाही. ऐकायला सोपे वाटते. ‘पास्टरसाहेब, छपराचं काय झालं?’ या प्रश्नावर एका अनुभवी पाळकांनी तीन वेळा सुरुवात केली आणि तीनही वेळा त्यांची गाडी निर्दोष असून दुःख भोगणाऱ्या बायबलमधील ईयोबाकडे वळली. चौथ्या वेळी ते म्हणाले, ‘मी दोन जणांकडून अंदाज घ्यायला हवा होता, तो मी घेतला नाही.’ त्यानंतर सभागृहात जे घडले ते मार्गदर्शकांनीही बहुधा योजले नसावे. खजिनदाराच्या भूमिकेत बसलेल्या गृहस्थांना पुढचा प्रश्नच सुचेना. आपल्या बैठकांत चूक कबूल करून घेण्याची एवढी सवय झाली आहे, की ती आपणहून कबूल झाल्यावर करायचे काय हे कोणाला माहीत नसते. असे सराव प्रत्येक मंडळीने वर्षातून एकदा करावेत, त्यासाठी खानापूरपर्यंत जाण्याचीही गरज नाही.

याच्या उलट पाय धुण्याचा कार्यक्रम मला खटकला. येशू शिष्यांचे पाय धुतो त्या योहानाच्या 13व्या अध्यायावर थोडक्यात बोलून वरिष्ठ पाळकांनी कनिष्ठांचे पाय धुतले. हेतूविषयी शंका नाही. पण घंगाळ, टॉवेल, मागे लावलेला फलक आणि समोर तीन मोबाईल अशी मांडणी होती, आणि रात्रीच्या जेवणाआधी छायाचित्रे व्हॉट्सअॅप गटावर आली होती. नम्रतेचा पुरावा इतक्या तातडीने जमवायचा असेल तर तो कार्यक्रम वगळावा. त्या रात्री फादरांनी जेवताना काढलेला विषय मला अधिक पटला. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 11 फेब्रुवारी 2013 रोजी पद सोडत असल्याचे जाहीर केले, तेव्हा आपली शक्ती या कामाला पुरत नाही हे त्यांनी साध्या शब्दांत सांगितले होते, आणि पोपने पद सोडण्याची त्याआधीची घटना 1415 मधील होती. आपल्या मंडळ्यांत खजिनदार किंवा सेक्रेटरी वर्षानुवर्षे पद धरून बसतो (मी हे सेक्रेटरी म्हणून लिहितो आहे), त्यात अनेकदा सत्तेच्या लोभापेक्षा, आपण गेल्यावर हिशेब दुसऱ्याच्या हाती लागेल ही धास्ती मोठी असते. पद सोडण्याविषयी एक सत्र असायला हवे होते. ते नव्हते.

आता मूळ उणिवेकडे येतो. बुधवारी योहान मार्कावर अभ्यास झाला. प्रेषितांच्या कृत्यांनुसार हा मार्क पौल आणि बर्णबा यांच्या पहिल्या सुवार्ता-प्रवासात पंफुल्यात साथ सोडून परतला. पुढच्या प्रवासाला त्याला न्यावे की नाही यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात इतका वाद झाला की ते वेगळे झाले, पौल सीलाला घेऊन गेला आणि बर्णबा मार्काला घेऊन कुप्रास (सायप्रसला) गेला. पुढे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौलच मार्काला आणायला सांगतो, कारण तो सेवेसाठी उपयोगी आहे. शिबिरात या कथेतून मार्काने धीर कसा धरला यावर भर दिला गेला. माझ्या वाचनात ही कथा मार्काइतकीच बर्णबाची आहे. एकदा फसलेल्या तरुणाला जबाबदारीचे काम परत देणारा, त्यासाठी पौलासारख्या माणसाशी भांडण ओढवून घेणारा कोणी होता, म्हणून मार्क उभा राहिला. आपल्या मंडळ्यांत असा माणूस कोठे बसतो? कमिटीत बसतो का? तरुण संघाचा एक कार्यक्रम फसला की त्या मुलाकडे पुन्हा माईक न देणारे आपणच असतो, आणि पाळकाचे एक वर्ष खराब गेले की वार्षिक परिषदेपूर्वी बदलीसाठी सह्या गोळा करणारेही आपणच असतो. अशा परिस्थितीत पाळकाला ‘भिऊ नका’ असे सांगणे पुरेसे नाही. त्याची भीती सर्वस्वी मनाची नाही, तिला बिऱ्हाड हलवण्याचा आणि मुलांची शाळा बदलण्याचा अनुभव आहे.

याचा प्रत्यय शिबिरातच आला. अपयशाविषयी मोकळेपणाने बोलण्याच्या वर्तुळात, येथे बोललेले बाहेर जाणार नाही असे वचन दिले गेले होते, पण त्याच वर्तुळात नेमणुकांविषयी ज्यांचे मत विचारले जाते असे एक वरिष्ठ बसले होते. ते सज्जन आहेत आणि त्यांनी कोणाला अडवले नाही. तरीही त्यांच्या उपस्थितीत सांगितली गेलेली अपयशे कॉलेजच्या दिवसांतील किंवा फार जुन्या नेमणुकीतील होती. ते चहाला उठून गेल्यावरच्या थोड्या वेळात दोघे जण चालू वर्षाविषयी बोलले. आयोजकांनी हे लक्षात घेऊन वर्तुळे वेगळी करणे सहज शक्य आहे, आणि मी ते त्यांना कळवले आहे.

दाखल्यांच्या निवडीबद्दलही एक तक्रार आहे. पुस्तिकेत अमेरिकेतील मोठ्या मंडळ्यांचे आणि कंपन्यांच्या प्रमुखांचे दाखले भरपूर होते. वर चढणाऱ्या जिन्याचे एक चित्र तर दोनदा छापले होते, आणि नम्रतेवरील पुस्तिकेत जिना वर का चढतो हा प्रश्न एका वडिलांनी विचारलाच. दुसरीकडे आपल्या शेजारच्या साताऱ्याचे नाव आले नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 साली अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि तेथे ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ सुरू केला; पगाराची हमी, पद आणि मिशनची सावली एकदम सोडून, पन्नाशी उलटल्यावर. 1919 मध्ये ते वारले, त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रपर महाकाव्य अपुरे राहिले आणि ते पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. ज्यांची गीते दर रविवारी गायली जातात, त्या माणसाने अपुरे राहण्याचा धोका पत्करला होता, हे आमच्या तरुणांना कळले तर त्याचा उपयोग कोणत्याही जिन्यापेक्षा अधिक होईल. लक्ष्मीबाईंच्या उल्लेखावरून आठवले: शिबिरात स्त्रिया मोजक्याच होत्या, आणि पाळकीणबाईंसाठी ठेवलेले वेगळे सत्र पाहुणचार व घरखर्च यांवर होते. महिला मंडळाच्या ज्या बाई आजाऱ्यांच्या घरी जातात, मयताच्या घरी पहिल्या पोहोचतात आणि हंगामाच्या सणाचा अर्धा हिशेब सांभाळतात, त्यांना पुढाऱ्यांच्या सत्रात जागा नसावी हे नम्रतेच्या शिबिराला शोभत नाही.

शिबिरानंतर दोन महिन्यांनी मार्गदर्शकांपैकी एक जण फोन करून विचारपूस करतात, ही सोय मात्र मनापासून चांगली आहे. आमच्या पाळकांशी ते बराच वेळ बोलले, आणि मुलांच्या संध्याकाळच्या उपासनेचे काय झाले हेही त्यांनी विचारले. ती सुरू झाली आहे. पहिल्या महिन्यात उपस्थिती कमी होती, आणि ती कमी असल्याची नोंद इतिवृत्तात जशी होती तशी घेतली आहे.

जाणाऱ्यांसाठी सूचना एवढ्याच. पाळकांना एकटे पाठवू नका. खजिनदार किंवा एक वडील सोबत असावेत, शक्यतो ते, ज्यांचे पाळकांशी पटत नाही. नाव नोंदवताना महिला मंडळातून एक जागा मुद्दाम मागून घ्या, कारण मागितल्याशिवाय ती मिळत नाही. कमिटी-बैठकीच्या सत्रासाठी आपल्याच मंडळीतील एक खरा विषय तयार ठेवा, आयोजक त्याला नकार देत नाहीत. पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला पाऊस फार असतो आणि आतला रस्ता कच्चा आहे, म्हणून दिवाळीनंतरची तुकडी निवडावी आणि जाताना एक जाड चादर घ्यावी.